मोठीचा टाक

कागद पिठाच्या डब्याखाली ठेवून आज अकरा दिवस झाले होते. बबिता रोज दोन वेळा डबा उचलायची, पीठ काढायची आणि डबा पुन्हा त्याच जागी, त्याच कागदावर ठेवायची. कागदावर डब्याच्या बुडाचा गोल उमटला होता. सही मात्र काही झाली नव्हती.

बाईला लिहितावाचता येत नव्हतं असं नाही. सातवी पास होती, पोरीचा अभ्यास घ्यायची, चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक उलटं धरणाऱ्यांतली नव्हती. तो कागद तर तिला आता तोंडपाठ झाला होता. बिशपसाहेबांच्या ऑफिसातून आलेला, वर क्रूसाचा शिक्का आणि मध्ये छापलेला मजकूर: माझे पती श्री. बन्सीधर यांना डीकन म्हणून दीक्षा देण्यास माझी स्वखुशीने संमती आहे. माझ्या निधनानंतर माझ्या पतीस पुन्हा विवाह करता येणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. खाली एक रेघ, रेघेखाली कंसात ‘पत्नीची सही’.

स्वखुशीने म्हणे! असले शब्द छापणाऱ्यांना खुशी कशाशी खातात ते एकदा विचारायला पाहिजे.

बन्सीधर म्हणजे तिचा नवरा. वस्तीवर त्याला सगळे बन्सीमास्तर म्हणत. तो शाळेत शिकवत नव्हता, चर्चमध्ये शिकवायचा. ताडकळसच्या रस्त्याला लागून त्यांची चाळीस घरांची वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याचं चर्च. फादर परभणीहून महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी यायचे. उरलेले सगळे दिवस मास्तरचे. पोरांना प्रार्थना शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मयत झालं तर खड्डा खणण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं करायचं, नवराबायकोची भांडणं मिटवायची. बावीस वर्षं तो हे करत होता. पण लग्न लावायचं तर फादर पाहिजेत, बाप्तिस्मा द्यायचा तर फादर पाहिजेत. वस्तीतल्या चतुराबाईचा नातू असाच सहा महिने बिननावाचा राहिला होता. एकदा फादरची गाडी बिघडली, एकदा नदीला पाणी आलं, एकदा फादरच आजारी. तोवर पोराला सगळे बारक्या म्हणायला लागले, आणि आता नाव ठेवून वर्ष झालं तरी तो बारक्याच आहे.

डीकन झाला तर मास्तरला हे सगळं करता येणार होतं. डीकन फादरच्या एक पायरी खाली. फादरला लग्न करता येत नाही, पण लग्न झालेल्या माणसाला डीकन होता येतं. दोनच गोष्टी. बायकोची लेखी संमती पाहिजे, आणि ती बायको मेली तर मग डीकनही फादरसारखाच, पुन्हा बोहल्यावर चढायचं नाही.

“म्हणजे लग्न केलेला चालतो, लग्न करणारा चालत न्हाई,” फादरनी गेल्या खेपेला समजावलं तेव्हा बबिता म्हणाली होती.

फादर सायमन हसले होते. वसईकडचे होते, पन्नाशीचे, बोलायला मऊ. “तसंच समजा, बाई.”

“आन् मास्तर आदी गेले तर?”

“तर तुम्ही मोकळ्या. तुम्हाला करता येईल.”

“आन् मी आदी गेले, आन् लेकरू बारकं असलं तर?”

“रोमला अर्ज करता येतो.” फादरनी चष्मा पुसला. “पण मिळेलच असं मी सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? तुम्ही सही करताना असं धरून चाला, की नाहीच मिळणार.”

आणि उद्या तो शेवटचा रविवार होता. फादर येणार होते, कागद घेऊन जाणार होते.

सकाळपासून बबिताचा पाय घरात ठरत नव्हता. झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं. वरणात मीठ दोनदा पडलं. नऊ वर्षांची राजेश्री, तिची लेक, केस विंचरून घ्यायला बसली तर तिची एकच वेणी घालून बबिता उठली आणि पोरगी अर्धी मोकळी, अर्धी बांधलेली हिंडत राहिली. मास्तर शेतावर गेला होता. अकरा दिवसांत त्यानं एका शब्दानं ‘सही केलीस का’ असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

पण त्यानं झगा शिवून घेतला होता. पूर्णेच्या टेलरकडून, पांढरा, पायघोळ. परवा ती गोठ्याकडून आली तर हा आतल्या खोलीत तो झगा घालून उभा. घरातला आरसा वीतभर. त्यात आधी गळा बघितला, मग आरसा खाली धरून छाती बघितली, मग आणखी खाली धरून पाय. असा तुकड्यातुकड्यानं स्वतःला बघताना तो इतका खूश दिसत होता की बबिता आवाज न करता मागच्या मागं गेली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला नवे कपडे घातलेल्या पोरासारखं बघणं बरं नव्हे, पण गोठ्यात जाऊनही तिच्या डोळ्यांपुढून तो हलेना.

दहाच्या सुमारास दारात जीप उभी राहिली. तिचा थोरला भाऊ व्यंकटराव उतरला, चारठाण्याहून थेट. मागे कुणी पाहुणे नाहीत, हातात पिशवी नाही, म्हणजे माणूस भांडायला आला होता.

“आमी काय मेलो का गं?” तो दारातूनच ओरडला. “सही करायच्या आदी भावाला येक फोन न्हाई?”

“कशाची सही, अण्णा?”

“फारकतीची! दुसरी कशाची? मास्तर फादर होयलाय, फादरला बायको चालत न्हाई, म्हणून तुज्याकडून लिहून घ्यायलेत. तिकडं समद्यांला ठावं हाय. चल, कपडे भर. राजेश्रीला घे.”

बबिता अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. आता तिला कळलं, परवा नळावर बायका गप्प का झाल्या आणि चतुराबाईनं न मागता वाटीभर तूप का आणून दिलं. अख्ख्या वस्तीनं तिला सोडलेली बाई ठरवून टाकलं होतं.

तिनं भावाला बसवलं, चहा दिला आणि सगळं फोडून सांगितलं. फादर वेगळा, डीकन वेगळा. डीकनला बायको चालते.

“मंग सही कामून?”

“मी मेल्यावर दुसरी चालत न्हाई, म्हणून.”

व्यंकटरावानं चहा बशीत ओतला, फुंकला, आणि ओठापर्यंत नेऊन थांबला. “म्हंजी तुज्यामागं दुसरी बाई या घरात येनारच न्हाई?”

“न्हाई.”

“बिशप तसं लेखी घ्यायलाय?”

“व्हय.”

“मंग बबे, तू येडी हायस का? कर की सही! आगं, कोन्या बाईला आसं मिळतंय? हितं बायकोच्या मातीहून लोक घरी पोचत न्हाईत, तवर पोरी दाखवायला सुरुवात होती. तुजी वयनी तर हा कागूद फ्रेम करून भिताडाला लावल.”

तो मोठ्यानं हसला आणि चहा भुरकून प्यायला. बबिता मात्र गार पडली. कारण तिच्या मनातलं जे होतं, जे तिनं अकरा दिवस डब्याखाली दाबून ठेवलं होतं, ते भावानं बशीत ओतावं तसं समोर ओतलं होतं.

फादरनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं, भीती वाटली नव्हती. तिला आनंद झाला होता. लाज वाटावी असा आनंद. कारण बबिता या घरात दुसरी म्हणून आली होती. पहिली रुख्मिणी, काविळीनं गेली. तिचं पोळपाट, तिची परात, तिनं लावलेला शेवगा, तिचा नवरा, तिची पोरगी शिवकन्या. सतरा वर्षं बबिता दुसऱ्या बाईच्या घरात नांदत होती. सासू सरजाबाई चांगली, पण तिच्याही तोंडी ‘मोठी असं करायची, मोठी तसं करायची’. मोठी म्हणजे रुख्मिणी. बबिता वयानं कितीही वाढली तरी मेलेली बाई मोठीच राहणार.

आणि गळ्यात टाक. लग्नाच्या दिवशी चर्चमधून घरी आल्यावर सरजाबाईनं तिला चुलीपाशी बसवलं होतं आणि नखाएवढा चांदीचा टाक तिच्या मंगळसूत्रात ओवला होता. त्यावर बाईची आकृती. पहिली गेली की दुसरीनं गळ्यात तिचा टाक घालायचा, नवी साडी आधी त्याला लावायची, मग अंगावर घ्यायची, अशी जुनी रीत. धर्म बदलून तीन पिढ्या झाल्या होत्या, पण चुलीपाशी काय चालतं ते फादरला कोण सांगतंय? टाक लहानशा कापडी पिशवीत शिवून टाकला होता, पिशवी मंगळसूत्रातल्या क्रूसाच्या मागे. मास्तरला माहीत होतं. प्रार्थना शिकवणारा माणूस, त्यानं सतरा वर्षं दिसलं न दिसल्यासारखं केलं.

म्हणजे जन्मभर दुसरी. आणि आता हा कागद म्हणत होता की सही कर, तू शेवटची. तुझ्यामागं कुणी येणार नाही, तुझी परात कुणी घेणार नाही, तुझ्या नवऱ्याच्या ताटात कुणी वाढणार नाही. कोणत्या बाईला हे नको असेल?

आणि मग राजेश्री अर्धी वेणी घेऊन समोरून जायची, आणि त्या आनंदाची माती व्हायची.

जेवून व्यंकटराव गेला. जाताना पुन्हा म्हणाला, “कर सही, लय इचार नको करू.” त्यानं गाडी वळवली तरी बबिता दारातच उभी होती. मग ती मागच्या अंगणात गेली. सरजाबाई शेवग्याखाली सुपात तूर निवडत बसली होती. बबिता तिच्यापुढं बसली आणि सुपातले खडे उचलायला लागली. चांगले दाणेही उचलून टाकायला लागली, तेव्हा सरजाबाईनं सूप बाजूला घेतलं.

“काय झालं?”

“आत्याबाई, मी मेल्यावर माजा टाक कोन घालील?”

“कोन्ही न्हाई. तूच म्हणलीस ना, दुसरी येत न्हाई म्हणून?”

“मंग सही करू का?”

सरजाबाईनं सुपातून एक खडा काढून फेकला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोळ्यात मोतीबिंदू, पण खडे अजून बोटांनीच ओळखायची. मग म्हणाली, “तुला येक सांगायचं ऱ्हायलंय. सतरा वर्सं ऱ्हायलंय.”

आणि तिनं सांगितलं. रुख्मिणी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तिनं नवऱ्याचा हात घेऊन क्रूसावर ठेवला होता. माझ्या पोरीवर सावत्र आई आणू नका म्हणाली. बन्सीधरनं शब्द दिला. सरजाबाई तिथंच उभी होती.

“दीड वर्स त्यानं शब्द पाळला. मी रोजानं जायची. ह्यो शेतात न्हाई तर चर्चात. पोरगी शेजाऱ्यांच्या दारी. कुनी टाकली भाकर तर खायची, न्हाई तर माती. येक दिवशी मी घरी आले, तर शिवकन्या चुलीपाशी पडलेली. हात निखाऱ्यात.”

शिवकन्याचा उजवा हात. मनगटापासून कोपरापर्यंत वितळल्यासारखी कातडी. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हापासून बबितानं त्या हाताला खोबरेल तेल चोळलं होतं. पोरगी तीन वर्षांची, बोलायची नाही, फक्त हात पुढे करायची. आता ती वीस वर्षांची होती, परभणीला नर्सिंग शिकत होती, आणि अजूनही घरी आली की न बोलता तो हात आईपुढं धरायची. लहानपणी भाजलं, एवढंच बबिताला सांगितलं होतं. कुणी, कधी, कसं, ते तिनंही विचारलं नव्हतं.

“तवा मीच त्याला म्हणलं, मोड शब्द,” सरजाबाई म्हणाली. “त्यो रडला. न्हाई म्हणला. मी म्हणलं, पाप लागलं तर माज्या डोक्यावर घे. आन् तुला आनली. टाक कामून बांदला तुज्या गळ्यात? मोठीची माफी मागायला. येवढंच.”

सुपातली तूर तशीच राहिली. बबिताला वाटलं, कुणीतरी सतरा वर्षांपूर्वी आपल्याला एका खोट्या पायरीवर उभं केलं आणि आज सांगतंय. म्हणजे आपण या घरात आलो ते मोडलेल्या शब्दावर. शब्द पाळला असता तर मी नाही, राजेश्री नाही, आणि शिवकन्याही कुठली राहते? तिला राग आला, कुणावर ते तिलाच समजेना. आधी सासूवर आला, मग त्या मेलेल्या रुख्मिणीवर आला, मग वाटलं, मेलेल्या बाईवर काय रागवायचं, ती तर माझ्यासारखीच होती. तिलाही शेवटची व्हायचं होतं.

दिवस मावळायच्या आत ती चर्चकडे निघाली. मास्तर शेतावरून परस्पर तिकडं गेला होता, उद्यासाठी बाकडी पुसत होता. ती दारातच उभी राहिली.

“मोठीला शब्द दिला होता म्हणं तुमी.”

त्याचा हात थांबला. फडकं तसंच बाकड्यावर राहिलं. “आईनं सांगितलं?”

“तुमी सांगाया पायजे होतं.”

“काय सांगू? तुला आनायसाठी मेलेल्या बायकोला खोटं बोललो, आसं सांगू?” तो बाकड्यावर बसला. “बबिता, मी लोकांला शिकवायलोय बावीस वर्सं. दिलेला शब्द पाळा म्हणून. आन् आतून मला ठावं हाय मी कोन हाय ते.”

“म्हणून डीकन व्हायचंय का?”

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत नेत होतं, ते जाईपर्यंत तो थांबला. “आर्धं लोकांसाठी. आर्धं त्या शब्दापायी. येकदा मोडलाय. आता तुज्या बाबतीत मोडायची सोयच नको. बिशपपुढं, लेखी. दार खिळे मारून बंद.”

कुणा बाईला असं बोलणारा नवरा मिळत नाही. बबिताला ते कळत होतं, आणि तिला रडूही आलं. हा माणूस आपल्यावर जीव टाकतो हे तिला पहिल्यांदाच इतकं साफ ऐकायला मिळत होतं. आणि त्याच क्षणी तिला त्याचा असा संताप आला की पायातली चप्पल काढून फेकून मारावी.

“दार बंद करून आत कोन कोंडायलाय तुमी?” ती म्हणाली. “माजी पोरगी! उद्या मी गेले तर तिनं तुमच्या शब्दाखाली माती खायची? शिवकन्याचा हात बगत न्हाई का तुमी?”

“तू कुटं मरायलीस?”

“मोठी कुटं मरायली होती? चोवीस वर्सांची होती.”

त्यानं फडकं उचललं आणि पुसलेलं बाकडं पुन्हा पुसायला घेतलं.

“करू नको मंग सही,” शेवटी म्हणाला. रागानं नव्हे. त्याचा आवाज इतका साधा होता की त्याचंच तिला जास्त लागलं.

“मी कुटं म्हणलं करत न्हाई?” ती म्हणाली आणि तरातरा घरी आली.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं शिवकन्या आली. फादरच्या रविवारी ती नेहमी यायची. बबितानं तिच्या हाताला तेल लावलं, दोघी काही बोलल्या नाहीत. राजेश्रीच्या आज दोन वेण्या घातल्या, घट्ट. मग बबितानं आतल्या खोलीत जाऊन मंगळसूत्र काढलं, क्रूसामागची पिशवी ब्लेडनं उसवली, आणि टाक धुऊन, पुसून, क्रूसाच्या शेजारी पुढच्या बाजूला ओवला. सतरा वर्षांनी मोठीला उजेड दिसला. चांदी काळी पडली होती, तरी बाईचा चेहरा ओळखू येत होता. तिनं डब्याखालून कागद काढला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

चर्च भरलं होतं. मास्तरनं झगा आणला नव्हता. नेहमीचा पांढरा सदरा घालून तो वेदीपाशी उभा होता, फादरना पाणी देत होता, पुस्तकाचं पान उलटत होता. प्रार्थनेत बबिताचं लक्ष नव्हतं. ती उठायच्या वेळी बसत होती आणि बसायच्या वेळी उठत होती. शेजारची चतुराबाई तिच्याकडं दयेनं बघत होती, अजून तिच्या डोक्यातून फारकत गेली नव्हती.

सगळं संपल्यावर फादर सायमन बाहेर व्हरांड्यात आले. टेबल मांडलेलं होतं, चहा आला होता, दहाबारा माणसं घुटमळत होती. घुटमळायचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

“बाई, कागद आणलात?”

बबितानं घडी उलगडून टेबलावर ठेवली. फादरनी डब्याचा गोल बघितला, काही बोलले नाहीत, पेन पुढे केलं. ती वाकली आणि रेघेवर सही केली. सावकाश, पूर्ण नाव. मास्तरच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. पण तिनं पेन खाली ठेवलं नाही. सहीच्या खाली, जिथं काही लिहायचं नव्हतं तिथं, तिनं आणखी दोन ओळी लिहिल्या आणि मग कागद फिरवून फादरपुढं सरकवला.

फादरनी वाचलं. मग मास्तरकडं बघून हळू आवाजात वाचून दाखवलं: “मी हयात आहे तोवर माझी संमती आहे. मी मेल्यावर माझ्या लेकरांना विचारा.”

चहाचे कप हातात घेतलेली माणसं टेबलाजवळ सरकली.

“बाई,” फादर म्हणाले, “यात अट घालता येत नाही. संमती असते किंवा नसते.”

“हाय की. मी हाय तवर हाय. मेल्यावर माजी सही कुटून आणू?”

तेव्हा फादरचं लक्ष तिच्या गळ्याकडं गेलं. क्रूसाशेजारी लोंबणारा टाक त्यांनी निरखून बघितला. “हे काय आहे?”

सरजाबाई मागच्या मागं सरकली. मास्तरनं मान खाली घातली. बबितानं टाक बोटात धरला.

“ही माजी मोठी हाय, फादर. रुख्मिणी. मरताना हिनं ह्यांच्याकडून शब्द घेतला, दुसरी आणू नका म्हणून. ह्यांनी दीड वर्सानं त्यो मोडला. मोडला म्हणून मी आले, आन् मी आले म्हणून हिची लेक जगली. ती बगा, तिथं उभी हाय.” शिवकन्या भिंतीशी उभी होती, उजवा हात ओढणीत धरून. “ह्यांनी शब्द मोडला म्हणून हे पापी, आसं ह्यांला वाटतंय. मला ठावं न्हाई. पण तुमचा कागूद म्हणतोय, आता आसा शब्द दे की त्यो मोडताच यायला नको. मंग माज्या राजेश्रीनं काय करावं? रोमला अर्ज करावा?”

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला. तिला ते आवडलं नाही. तिला ठणकावून बोलायचं होतं.

फादरनी कागदाची घडी घातली. “माझ्या दीक्षेच्या वेळी कुणाचीच संमती लागली नव्हती,” ते म्हणाले, बबिताला की स्वतःला, ते कळलं नाही. मग त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला, तसाच छापलेला, कोरा. “मास्तर, हा मी बिशपांना दाखवीन. पण उत्तर काय येईल ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. हा कोरा ठेवून घ्या. घरात बोला. घाई नाही.”

सगळे मास्तरकडं बघत होते. त्यानं कोरा कागद हातात घेतला. खालच्या रिकाम्या रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला. बबिताला वाटलं, आता हा घडी घालून खिशात ठेवणार, आणि मग पुन्हा डब्याखाली, पुन्हा अकरा दिवस, पुन्हा आरसा. तिला त्याची इतकी कीव आली की क्षणभर वाटलं, द्या इकडं, करते सही, मरू दे.

मास्तरनं कोरा कागद फादरच्या पिशवीत परत ठेवला.

“ह्योच घिऊन जावा फादर,” तो म्हणाला. “तिनं लिव्हलेला. माजी बी तीच संमती हाय.”

आणि तो चर्चच्या आत गेला, वेदीवरच्या मेणबत्त्या विझवायला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. मेणबत्त्या दोनच होत्या.

घरी जाताना तो पुढं, ती दोन पावलं मागं. शिवकन्या आणि राजेश्री आजीला घेऊन आधीच गेल्या होत्या. बबिताला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. आपण आपल्याच हातानं आपल्या नंतरच्या बाईला दार उघडून दिलं, असं वाटत होतं, आणि ती कोण असेल, कशी असेल, तिच्या हाताला चव असेल का, या विचारानं तिचा जीव खालीवर होत होता. एक पाणंद ओलांडल्यावर मास्तर थांबला. त्याचे डोळे लाल होते.

“त्यो झगा काय करू?”

“ठेवा. बिशपाचं डोकं फिरलं तर लागल.”

तो हसला नाही, पण चालायला लागला. आता तिच्या बरोबरीनं. थोडं गेल्यावर म्हणाला, “टाक आता पुढंच ठेवनार?”

“पुढंच.” तिनं टाकाला बोट लावलं. मग म्हणाली, “आन् माजा टाक जिच्या गळ्यात बांदाल ना, तिला सांगा. राजेश्रीला दूध आवडत न्हाई. तिचे केस ओले आसताना विंचरायचे, न्हाई तर रडती. आन् शिवकन्या बोलत न्हाई, हात पुढं करती. तवा तेल लावायचं.”

“गप ऱ्हा गं.”

“सांगाल का न्हाई?”

तो रस्त्यातच उभा राहिला. पलीकडून ताडकळसची एसटी धुरळा उडवत गेली. एसटी गेली तरी बबिता हलली नाही. उत्तर घेतल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.

“सांगीन,” तो म्हणाला.